गावपळणीतलं मालवण

सुनेने सकाळी सकाळी विचारलं, "आई, मालवणला जाऊन येऊया का? नुसतं फिरायला," तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, ही मला नुसतं फिरायला कधी घेऊन गेलेली नाही. तिला तरी सवड कुठे? चतुर्थीला येते, मे महिन्यात येते. आली की चुलीपाशी, नाहीतर त्या लॅपटॉपपाशी. मुलगी गुणाची आहे. घाटावरची असून सोलकढी माझ्यापेक्षा बरी करते. हे तिच्या तोंडावर मी कधी म्हणणार नाही, इथे लिहिते. पण नुसतं फिरायला? त्यात बोलावणं कधी, तर ऐन गावपळणीत.

ज्यांच्या गावात ही रीत नाही त्यांना सांगते. आमच्याकडे काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि अख्खा गाव घरं बंद करून तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. मागे चुलीत विस्तव नाही, तुळशीपुढे दिवा नाही. मग पुन्हा देवाला विचारायचं, त्याने कौल दिला की परत. तोवर वेशीच्या आत कोणी पाऊल टाकत नाही. टाकलं तर काय होतं ते कोणी सांगू शकत नाही, कारण टाकलेलंच नाही कोणी. आम्ही तोंडवलीच्या वाटेवर वहाळापलीकडे, म्हणजे ओढ्याच्या पल्याड, झावळांची खोप घातली होती. मुलगा आणि सून मुंबईहून मुद्दाम आलेली. दुसरा दिवस होता. खोपीखोपीतून गप्पा-गजाली, पत्ते, भजनं रंगलेली, आणि ही मला म्हणते मालवण.

"तू जा गो आये," मुलगा म्हणाला. "बाबांजवळ मी आसंय."

झालं! म्हणजे मला बाजूला काढायचं आणि लेकाने बापाजवळ एकट्याने बसायचं. नवराबायकोने रात्रीच ठरवलेलं असणार.

मला एवढी भीती का वाटली तेही सांगते. गेल्या वर्षभरात आमच्या ह्यांचं विसरणं वाढलं होतं. चष्मा विसरणं नव्हे, चष्मा मीही विसरते. कधीच विकून टाकलेल्या म्हशीला पाणी दाखवायला हे बादली घेऊन गोठ्यात उभे राहायचे. एका संध्याकाळी माझ्याकडे बघून अगदी अदबीने म्हणाले, "तुमी खंयच्या?"

मी म्हटलं, "हयचीच."

"बसा मगे," म्हणाले. मी बसले.

हे मी कोणाला कळू दिलं नव्हतं. मुलाला तर नाहीच. मुलाचा फोन आला की मी ह्यांच्या शेजारी बसायचे आणि उत्तरं पुढे सरकवायचे. तो विचारायचा, "बाबा, काजू कसे आहेत?" मी हळूच म्हणायचे, "सांगा, औंदा मोहोर करपलो." हे मोठ्याने म्हणायचे, "औंदा मोहोर करपलो!" आवाज खणखणीत. गाऱ्हाणं घालणारा आवाज तो. वाडीत कोणाची नवी गाडी आली, कोणाच्या पोराची परीक्षा असली, की सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागायला, म्हणजे गाऱ्हाणं घालायला, ह्यांनाच बोलावणं. त्या आवाजामुळे फोनवर कोणाला शंका येत नसे.

लपवायचं कारण एकच. आमच्या शेजारची दोघं नवराबायको मुंबईला लेकाकडे "तपासणीक" म्हणून गेली. गेली ती गेलीच. त्यांच्या दारातली तुळस मी पाणी घालून जगवते आहे. मुलाला कळलं असतं तर आमचीही तपासणीच निघाली असती. त्याचं घर उंच, कितव्या तरी मजल्यावर. तिथे ह्यांनी बादली घेऊन कुठल्या गोठ्यात जायचं?

बरं, नको म्हणावं तर का नको म्हणून विचारणार. शेवटी लेकाकडे डोळ्यांनी दाखवत ह्यांच्या कानाशी लागून म्हटलं, "झिलाकडे जास्ती गजाली करू नकात. काय विचारल्यान तर म्हणा, ती इली की सांगात."

"ती कोण?" ह्यांनी विचारलं.

सून गाडीचा हॉर्न वाजवत होती. मी गेले.

गाडीत तिने माझा पट्टा स्वतः वाकून बांधला. एरवी मला काही वाटलं नसतं. त्या दिवशी वाटलं, बांधून नेते आहे.

मालवणची पेठ मी लहानपणी पुष्कळ पायांखाली घातलेली. आई कोकमाची सोलं विकायला यायची, मी मागून. तेव्हा जी लाकडी कठड्यांची कौलारू घरं उंच वाटायची, ती आता दोन हॉटेलांच्या मधे अंग चोरून उभी आहेत. खाली मोबाईलची दुकानं, वर अजून तेच कठडे, एकावर कोणाचं तरी लुगडं वाळत घातलेलं. सून प्रत्येक घरापुढे थांबत होती, फोटो काढत होती आणि मधेमधे विचारत होती. "आई, तुम्ही चालत यायचात? किती वेळ लागायचा? बाबाही यायचे का बाजारात?"

मी जपून उत्तरं देत होते. ह्यांच्यावर बोलणं आलं की मी कठड्यावर न्यायचे. "बघ गो कसा काम केल्यानी तेंनी! आताचे सुतार करतीत?"

खाज्याच्या दुकानापाशी थांबलो. गुळात घोळलेल्या आल्याचा वास आला आणि मी जरा विरघळले. ह्यांना खाजा आवडतो. दुकानदार म्हणाला, "घ्या आजी, ताजो आसा. सकाळचो."

"खंयच्या सकाळचो?"

तो हसला. "आजी, तुमचो संशय गुळापेक्षा घट!"

सूनही हसली. छान हसते. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि हसू पुसून ती चार पावलं लांब गेली. पाठ माझ्याकडे. पण आमच्या पेठेची वाट अरुंद, दोन्हीकडे भिंती, बोलणं कुठे जाणार? मला ऐकू आलं, "हो, माझ्याबरोबरच आहेत. नाही, अजून नाही विचारलं. बघते."

खाज्याची पुडी माझ्या हातात चुरगळली. परत आली तेव्हा मी विचारलं, "कोणाचो फोन?"

"ऑफिसचा."

ऑफिसला माझ्याविषयी काय विचारायचं असतं गो बाय, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

मग तिने मला चित्रं बघायला नेलं. बंदराकडे उतरणाऱ्या वाटेवर कोणा व्यापाऱ्याची जुनी वखार होती. मी लहान असताना तिथून सुक्या मासळीचा वास यायचा. आता भिंती पांढऱ्या करून चित्रं लावलीत आणि एकेकावर दिवा सोडलाय. दारात चपला काढायला लागलो तर तिथली बाई म्हणाली, नको, तशाच या. देवळात चपला काढायच्या आणि एवढ्या झाडून ठेवलेल्या जागेत घालून फिरायचं, हे काही मला झेपेना. मी काढल्याच. हातात धरून फिरले, म्हणजे चोरीची चिंता नको.

चित्रं बरी होती. होड्या, माड, रापणीचं जाळं ओढणारी माणसं. शेवटच्या भिंतीवर एक मोठं चित्र होतं, त्यापाशी माझे पाय थांबले. तांबडी वाट, दोन्ही बाजूंना घरं, सगळी दारं लावलेली. ऐन दुपारचं ऊन. वाटेवर माणूस नाही, कोंबडी नाही. तुळशीपुढची पणती कोरडी.

मी त्या बाईला विचारलं, "ह्या कोणी काढल्यान?"

तिने कोणा चित्रकाराचं नाव घेतलं.

"तो आमच्या गावात शिरलो कसो?"

"म्हणजे?"

"गावपळणीत शिरल्याशिवाय अशी वाट दिसात खंय? कोंबडी सुद्धा नाय! कधी गेल्लो तो आत? काल?"

बाई गोंधळली. म्हणाली, आजी, हे कल्पनेतलं आहे. मी म्हटलं, कल्पनेत एवढी कोरडी पणती येत नाही. सून मला हळूच बाजूला घेऊन म्हणाली, "आई, रंग वाळायलाच महिने लागतात. कालचं कसं असेल?" तिचं बरोबर होतं, पण माझं समाधान झालं नाही. आमची घरं आत्ता अशीच दिसत असतील हे मला त्या चित्रानेच पहिल्यांदा दाखवलं. आम्हा गावकऱ्यांना आमचा रिकामा गाव कधी बघायला मिळत नाही. आम्ही असतो तेव्हा तो रिकामा नसतो.

चित्राकडे बघत सून अगदी मऊ आवाजात म्हणाली, "आई, कधी वाटतं का हो तुम्हाला, घर बंद करून थोडे दिवस कुठे तरी जाऊन राहावं?"

आला, गळ आला.

"बंद करूनच भायर पडलंव मा आता," मी म्हटलं. "तिसऱ्या दिवसा देव परत धाडता. तुमच्या मुंबयचो देव धाडता?"

बाहेर येऊन मी चपला घातल्या.

दुपारी तिने मला समुद्राच्या बाजूच्या एका कॅफेत नेलं. वरच्या मजल्यावर, समोर किल्ला, पर्यटकांच्या होड्या ये-जा करणाऱ्या. गल्ल्यामागे पिकलेल्या दाढीचा एक माणूस, कानात बाळी, केसांचा अंबाडा माझ्यापेक्षा मोठा. कॉफी कुठली घेणार म्हणून त्याने दहा नावं सांगितली. मी सुनेला म्हटलं, हा बाहेरचा दिसतो, आपल्या माणसाला कॉफीची दहा नावं नसतात. कॉफी आली तर फेसावर पान काढलेलं. हे पुसून प्यायचं की तसंच, ते कळेना. शेवटी डोळे मिटून प्यायले.

सुनेने कप बाजूला सारला. दोन्ही हात टेबलावर ठेवले. म्हणाली, "आई, मला बाबांबद्दल..."

फोन वाजला. या वेळी उठून जायलाही तिला सवड मिळाली नाही. मुलगा एवढ्या मोठ्याने ओरडत होता की मला पलीकडून ऐकू आलं.

"बाबा निघालेत! घराकडे चाललेत! म्हशीक पाणी दाखवूचा आसा म्हणतात. मी धरलं तर माझा हात झिडकारला. मला विचारतात, तू कोण? वहाळात उतरलेत, सगळे गोळा झालेत, कोणी हात लावायला धजत नाही..."

वहाळ म्हणजे वेस. पलीकडचा काठ गावाचा. ह्यांचं एक पाऊल तिकडे पडलं असतं की सगळ्या गावाची पळण मोडली असती, आणि कोणाच्या पायाने, तर जो माणूस गावासाठी गाऱ्हाणं घालतो त्याच्याच.

मी सुनेच्या हातातून फोन ओढून घेतला.

"मेल्या, धरू नको तेंका! धरलंस तर आणखी जातले. फोनाचो आवाज मोठो कर आणि तेंच्या कानाकडे धर."

"आये, पण..."

"धर म्हणतंय मा!"

आणि मी उभी राहिले, डोक्यावर पदर घेतला आणि गाऱ्हाणं घातलं. आमच्यात बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. पण जन्मभर शेजारी उभं राहून ऐकलेलं जातं कुठे?

"बा देवा म्हाराजा! वेशीवरच्या राखणदारा म्हाराजा! आज जा तुझा लेकरू तुझ्या वेशीर येवन उभा रवला आसा, तेची वाट चुकली आसात तर ती सुधार रे म्हाराजा!"

फोनमधून नुसता वाऱ्याचा आवाज. गाऱ्हाण्याला साथ लागते. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी हो म्हणायचं, त्याशिवाय ते अधांतरी राहतं. कॅफेतले पर्यटक घास हातात धरून माझ्याकडे बघत होते. सून पांढरी पडलेली. आणि मागून, गल्ल्याकडून, खड्या आवाजात आलं,

"व्हय म्हाराजा!"

तो अंबाडेवाला! हातातलं फडकं खाली ठेवून, मान झुकवून उभा. मला जोर चढला.

"तेच्या मनात काय वाकडा-नाकडा इला आसात, ता वेशीभायर टाक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी त्याच्याबरोबर स्वयंपाकघरातल्या बायकाही होत्या.

"आणि तेका पाठी फिरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हा तिसरा आवाज फोनमधून आला. खणखणीत. ह्यांचा.

मागून मुलाचा रडवेला आवाज, "थांबले गो आये. टोपी काढून हात जोडून उभे आहेत." मग कोणीतरी गाववाल्याने म्हटलेलं ऐकू आलं, "चला काकानू, चाय झाली आसा." आणि हे म्हणाले, "चला."

मी खाली बसले. कॉफीतलं पान केव्हाच मोडलं होतं. दाढीवाल्याने न मागता पाण्याचा तांब्या आणून ठेवला. "आजयेचो गाव खंयचो?" मी सांगितला. तो म्हणाला, "मगे बरोबर. पळण चालू आसा मा तुमची?" बाहेरचा म्हणून मी त्याला हिणवलं होतं, आणि तो कुडाळकडचा निघाला.

पर्यटक पुन्हा खायला लागले. सून माझ्याकडे बघत होती.

"तुम्हाला हे कसं सुचलं, आई?"

आता लपवून काय उपयोग होता? मी सांगितलं. पावसाळ्यात एका दुपारी हे छत्री घेऊन बहिणीच्या लग्नाला निघाले होते. बहिणीची नातवंडं आता लग्नाच्या वयाची! हाक मारली, हात धरला, नाही थांबले. मी घाबरून देवाचं नाव घेतलं ते गाऱ्हाण्याच्या सुरात बाहेर पडलं, आणि हे चिखलात टोपी काढून उभे राहिले. तेव्हापासून तीच माझी युक्ती.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "वर्षभर?"

"आणि तुका?"

"चतुर्थीपासून. आरतीच्या वेळी बाबांनी ह्यांनाच, स्वतःच्या मुलाला, विचारलं होतं, तू कोणाचो रे? तुम्ही म्हणालात, मस्करी करतात."

"करतत मस्करी."

"आई." तिने माझ्या हातावर हात ठेवला. "आम्हाला वाटलं, तुमच्या लक्षात येत नाहीये. तुम्हाला धक्का बसेल, गावात सगळ्यांसमोर नको, म्हणून मी इथे आणलं. सकाळपासून कसं विचारावं हेच शोधतेय."

म्हणजे मी दिवसभर तिच्यापासून लपवत होते ते ती मला हळूच सांगायला आली होती. मला हसावं की रडावं कळेना. पण एकदा विचारायलाच हवं होतं.

"व्हरतलास आमका मुंबयक?"

ती खोटं बोलली नाही, हे तिचं चांगलं. "ह्यांच्या डोक्यात तेच आहे," म्हणाली. "माझं अजून ठरलेलं नाही."

संध्याकाळी खोपीवर आलो तर हे सुपाऱ्या सोलत बसले होते, काही घडलंच नाही असे. मुलगा त्यांच्यापासून हातभर अंतरावर, डोळे लाल. ह्यांनी खाजा तोंडात टाकला आणि मला म्हणाले, "मालवणाक गेल्लंस? आणि माका नाय व्हेलंस?"

तिसऱ्या रात्रीनंतर सकाळी देवाने कौल दिला. गाव घराकडे निघाला तेव्हा "व्हय म्हाराजा" म्हणणाऱ्यांत ह्यांचाच आवाज सगळ्यांत वर होता. वहाळ उतरताना मी मुलाला म्हटलं, "मुंबयत बापूस वाट चुकलो तर गाऱ्हाणा खंय घालशीत रे? लिफ्टात?" तो हसला. दार उघडलं, चूल पेटवली, आणि दोघं मुंबईला जाईपर्यंत त्याने तपासणीचा विषय काढला नाही. डॉक्टर मात्र मालवणातलाच शोधून दिला. त्याला मी काही म्हटलं नाही.

पण माझा संशय गेलेला नाही. परवा सुनेचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली आणि म्हणाली, "आई, ते गाऱ्हाणं एकदा फोनवर रेकॉर्ड करून पाठवाल? असू दे जवळ."

असू दे जवळ म्हणजे? तिकडे कशाला लागतं गो ते? ते फोनात बसलं की मग मी नको, वहाळ नको, ह्यांना घेऊन कितव्याही मजल्यावर जायला मोकळे. मी म्हटलं, घसा बसलाय. आणि फोनमधून गाऱ्हाणं देवाला पोचत नाही, समोर उभं राहावं लागतं. तुला शिकायचं तर इकडे ये, चांगली दोन महिने राहा, मी शिकवते.

"बरं," ती म्हणाली. "येते."

कॅफेत मी फोनवरूनच घातलं होतं, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही.

की आलं असेल?